पंपाची भीती, पुडीवर भरवसा

जुना दमेकरी. छातीतली शिट्टी मला टेबलापलीकडून ऐकू येतेय, आणि रक्ताच्या रिपोर्टात इओसिनोफिल शून्य. असं दिसलं की मी एकच प्रश्न विचारते, "पुडी कुठून आणता?" सहसा आधी नाहीच म्हणतात. मग सोबत आलेली बायको किंवा सून सांगून टाकते. कुणी एखाद्या गावच्या वैदूचं नाव घेतं, कुणाला बाजाराच्या दिवशी येणारा माणूस आणून देतो. "झाडपाल्याची हाय म्याडम, काय अपाय न्हाय. घेतली की दोन-चार तासात मोकळं वाटतंय." दोन-चार तासांत मोकळं वाटतं म्हटलं की माझी शंका पक्की होते.

बार्शीत माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. औषध लिहिणं हे माझं काम नाही, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी करावं. मी काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरते, लिशमनच्या रंगानं तो रंगवते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजते. मोजायला यंत्र आलं, तरी आकडा विचित्र वाटला की मी अजून स्लाइड काढून बघते. सगळ्या पांढऱ्या पेशींत इओसिनोफिल ओळखायला सोपी. दोन पाळ्यांचं केंद्रक आणि त्याभोवती केशरी बुंदीसारखे गच्च भरलेले दाणे. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात या पेशी साधारण ५०० च्या आत असतात. दम्याच्या किंवा नाकाच्या ऍलर्जीच्या माणसात ८००, १,०००, क्वचित २,००० दिसतात. जोराचा संसर्ग असला की त्या एकदम खाली जातात, हेही खरं. पण ताप नाही, दमा जुना आहे, इओसिनोफिल एकही नाही आणि वर उपाशीपोटीची साखर २२०, असा रिपोर्ट आला की दुसरं कारण फारसं शोधावं लागत नाही. पोटात स्टिरॉइड जातंय. पुडीत कुटून मिसळलेल्या डेक्सामेथासोनच्या नाहीतर बीटामेथासोनच्या गोळ्या.

हाच माणूस डॉक्टरांनी लिहून दिलेला पंप कपाटात ठेवून आलेला असतो. कारण विचारलं तर ठरलेलं उत्तर. पंपाची सवय लागते. पंप म्हणजे शेवटचा इलाज. पोरीला पंप लावला तर लग्न कसं जमणार? आणि सगळ्यांत शेवटी, आवाज खाली आणून, "पंपात स्टिरॉइड असतंय म्हणं."

असतं. म्हणूनच तो घ्यायचा, असं माझं म्हणणं आहे. का, ते सांगायचं तर या केशरी दाण्यांच्या पेशी कुणाच्या सांगण्यावरून वागतात, इथून सुरुवात करावी लागेल.

इओसिनोफिल आपणहून काही करत नाही. तिला निरोप यावा लागतो. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची मळणी चालते. यंत्राच्या तोंडाशी उभा असलेला माणूस श्वासाबरोबर भुसकट, बुरशीचे बीजाणू, किड्यांचे अवशेष, परागकण असं सगळं ओढून घेतो. श्वासनळीचं आतलं अस्तर म्हणजे धूळ अडवणारी नुसती भिंत, असं आम्ही शिकलो होतो. प्रत्यक्षात त्या अस्तराच्या पेशींना इजा झाली की त्या स्वतःच निरोप धाडायला लागतात. टीएसएलपी, इंटरल्यूकिन-३३, इंटरल्यूकिन-२५ अशी या निरोप्या रेणूंची नावं. घरच्या धुळीत, गादी-उशांत राहणाऱ्या माइट नावाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याची विष्ठा तर आणखी वाईट. तिच्यात प्रथिनं कापणारं विकर असतं, ते अस्तराच्या पेशींमधले सांधेच उसवतं.

हे रेणू म्हणजे छोटी प्रथिनं. एका पेशीनं सोडायचं, दुसरीच्या अंगावर त्याला बसण्याजोगी जागा असते तिथे ते जाऊन चिकटणार, आणि त्या दुसरीचं वागणं बदलणार. यांना एकत्रितपणे सायटोकाइन म्हणतात. कोविडमध्ये 'सायटोकाइन स्टॉर्म' हे शब्द गावागावांत पोचले होते, त्यातले सायटोकाइन हेच. ऍलर्जीत त्यांचा संच वेगळा असतो आणि ते एकदम उसळत नाहीत, वर्षानुवर्षं थोडेथोडे सुटत राहतात.

अस्तराकडून निघालेला निरोप मुख्यतः दोन प्रकारच्या पेशींकडे जातो. एक टीएच-२. मदतनीस टी पेशींमध्ये दोन वेगळे गट असतात आणि ते वेगवेगळे सायटोकाइन सोडतात, हे मॉसमन आणि कॉफमन यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या पेशींवरून दाखवलं, तेव्हापासून हे नाव रूढ झालं. दुसऱ्या आयएलसी-२. त्यांची ओळख पटली ती अलीकडे, २०१० मध्ये. या दोन्ही पेशी पुढचे निरोप काढतात. इंटरल्यूकिन-४ बी पेशींना आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवायला लावतं. इंटरल्यूकिन-१३ श्वासनळीत चिकट बेडका वाढवतं आणि नळीला हळवी करून सोडतं, मग फोडणीचा ठसका किंवा उदबत्तीचा धूरही पुरतो. आणि इंटरल्यूकिन-५ रक्तातून थेट अस्थिमज्जेपर्यंत जातं आणि तिथे इओसिनोफिल तयार करायचा हुकूम देतं.

माझ्या स्लाइडवरचा आकडा वाढतो तो या इंटरल्यूकिन-५ च्या निरोपामुळे. मज्जेतून निघालेली इओसिनोफिल रक्तात जेमतेम दिवसभर फिरते. तोवर श्वासनळीकडून इओटॅक्सिन नावाचं दुसरं बोलावणं आलेलं असतं. लंडनच्या संशोधकांना ते १९९४ मध्ये गिनीपिगच्या फुप्फुसात सापडलं. त्या हाकेनं पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडते आणि नळीच्या भिंतीत शिरते. तिथे निरोप मिळाला नाही तर ती दोनेक दिवसांत मरते. इंटरल्यूकिन-५ मिळत राहिलं तर मरण लांबतं, शिवाय ती चेवावर येते आणि दाणे फोडते. दाण्यांतली प्रथिनं एवढी जहाल असतात की श्वासनळीचं अस्तर सोलून निघतं. अस्तर सोललं की ते पुन्हा निरोप धाडतं. दमा वर्षानुवर्षं का चालतो याचं उत्तर या चक्रात आहे.

आणखी एक कोडं यातून सुटतं. "सकाळी खळ्यावर होतो तवा नुसत्या शिंका आल्या, दम रातच्याला लागला," असं माणसं सांगतात आणि मग दुपारच्या ताकावर नाहीतर केळ्यावर ठपका ठेवतात. शिंका आल्या त्या मास्ट नावाच्या पेशींनी काही मिनिटांत सोडलेल्या हिस्टामिन या रेणूमुळे. धाप लागली ती चार ते आठ तासांनी, बोलावलेल्या पेशी पोचल्यावर. ताकाचा काही संबंध नाही.

हे केशरी दाणे मुळात आहेत जंतांसाठी. आपल्या देशात या पेशीचा इतिहासही जंतांशी जोडलेला आहे. आंध्रातल्या मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामात फ्रिमॉट-मोलर आणि बार्टन या डॉक्टरांना असे रुग्ण दिसले, की ज्यांची छाती क्षयासारखी दिसते पण क्षय नाही, आणि रक्तात इओसिनोफिल भरमसाट. त्यांनी १९४० मध्ये ते लिहिलं. १९४३ मध्ये वाइनगार्टेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या आजाराला 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' हे नाव दिलं. पुढे कळलं की हा हत्तीरोगाच्या जंतांविरुद्धचा शरीराचा अतिरेकी प्रतिसाद आहे, आणि त्याला डीईसी हे औषध लागू पडतं. तेच आपलं हेट्राझान. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात आरोग्य कर्मचारी घरी येऊन हत्तीरोगाच्या ज्या गोळ्या समोर गिळायला लावतात, त्यांतली एक. पण याचा परिणाम असा झाला, की आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येक डॉक्टरांनी इओसिनोफिल वाढलेला जो दिसेल त्याला हेट्राझानचा तीन आठवड्यांचा कोर्स दिला, मग दमा असो, इसब असो, नाहीतर नुसती शिंकांची सर्दी. अजूनही कुणी जुनी चिठ्ठी घेऊन येतं त्यावर ते दिसतं. पेशी वाढलेली दिसली, पण तिला निरोप कुणी धाडला हे कुणी विचारलं नाही.

आता उलट टोकाचा प्रकार सुरू आहे. कोविडनंतर प्रत्येक दुकानात 'इम्युनिटी वाढवणारं' काहीतरी मिळतं आणि ऍलर्जीचा माणूस ते हमखास घेतो. माझी इम्युनिटी वीक आहे का मॅडम, असं कॉलेजची मुलं विचारतात. अरे बाबा, तुझी प्रतिकारशक्ती कमी नाही, नको तिथे कामाला लागली आहे. ज्वारीच्या भुसकटाशी ती जंताशी लढावं तशी लढते आहे. ती आणखी वाढवून काय करणार? अंगावर गांधी उठलेल्या माणसाला काढा पाजणाऱ्यांनी एवढं तरी डोक्यात घ्यावं.

तर हा निरोप थांबवायचा कसा? इथे मला एका ब्रिटिश डॉक्टरबद्दल सांगायचं आहे. दम्यावर आपल्याकडे एवढं बोललं जातं, पण त्यांचं नाव मी क्वचितच ऐकलं आहे.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं १९५६ मध्ये कॉर्टिसोन या स्टिरॉइडची चाचणी प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा, की जुनाट दम्यात त्याचा टिकाऊ फायदा दिसत नाही. विषय संपल्यात जमा होता. डर्बी या गावातल्या छातीच्या दवाखान्यात हॅरी मॉरो ब्राउन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी रुग्णांचा बेडका स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सुरुवात केली. काहींच्या बेडक्यात इओसिनोफिल भरपूर, काहींच्या अजिबात नाहीत. मग त्यांनी प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा गुण कुणाला येतो ते ताडून पाहिलं. पेशी असलेल्यांना भरपूर गुण, नसलेल्यांना जवळजवळ नाही. १९५८ मध्ये त्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये छापलं. कौन्सिलच्या चाचणीत सगळ्या प्रकारचे दमेकरी एकत्र मोजले होते, म्हणून औषधाचा गुण सरासरीत बुडाला. मोठ्या संस्थेच्या चाचणीला एका माणसानं थुंकीच्या काचपट्ट्या पाहून उत्तर दिलं, याचा माझ्यासारख्या तालुक्याच्या पॅथॉलॉजिस्टला किती आनंद होतो ते विचारू नका.

पण प्रेडनिसोलोन पोटात गेलं की सगळ्या अंगात जातं. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर होतो, मुलांची वाढ खुंटते. पुडीवाल्या रुग्णांत मी हे सगळं पाहते. मॉरो ब्राउन यांनाही ते दिसत होतं. म्हणून फुप्फुसात फवारायचं बेक्लोमेथासोन हे स्टिरॉइड तयार झालं तेव्हा ते वापरून पाहणाऱ्यांत ते पहिले होते. १९७२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं, की या फवाऱ्यावर अनेक रुग्णांच्या पोटातल्या गोळ्या सुटल्या. लोक ज्याला शेवटचा इलाज समजतात तो पंप निघाला तो गोळ्या सोडवण्यासाठी.

स्टिरॉइड करतं काय? ते पेशीच्या केंद्रकापर्यंत जातं आणि ज्या जनुकांवरून हे इंटरल्यूकिन तयार होतात त्यांचं काम मंद करतं. निरोप निघायचेच कमी होतात, आणि भिंतीत बसलेल्या इओसिनोफिल निरोपावाचून मरतात. पुडीही हेच करते, पण सबंध शरीरात, आणि मात्रा किती याचा पत्ता नसताना. हिशेब करून बघा. बुडेसोनाइडच्या पंपाच्या एका फवाऱ्यात सहसा १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध असतं, दिवसाला ४०० घेणारा माणूस नेहमीचा. दम्याचा झटका आला की प्रेडनिसोलोन देतात ते ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. वजनाला वजन लावलं तर बुडेसोनाइड जास्त जालीम, त्यामुळे शंभराला एक असा थेट हिशेब मांडता येत नाही. पण ते लागतं तिथेच जाऊन पडतं, आणि जो भाग गिळला जातो तो यकृतात बहुतेक सगळा निकामी होतो.

त्याचे तोटे नाहीत असं मी म्हणत नाही. घेतल्यावर चूळ भरली नाही तर तोंडात बुरशी येते, आवाज बसतो. लहानपणी वर्षानुवर्षं बुडेसोनाइड घेतलेल्या अमेरिकेतल्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा झाला, त्यात पूर्ण वाढलेल्या उंचीत सरासरी १.२ सेंटिमीटरचा फरक आढळला. आईबापांना हे सांगायला हवं. त्याच्याबरोबर हेही सांगायला हवं, की कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात दम्यानं झालेल्या मृत्यूंचा अभ्यास झाला तेव्हा वर्षभरात स्टिरॉइडचा पंप जितका जास्त वापरलेला, तितका मृत्यू दुर्मीळ दिसला. एका जास्तीच्या पंपामागे धोका २१ टक्क्यांनी कमी. तो अभ्यास २००० सालचा. पंचवीस वर्षं होऊन गेली, आणि इकडे आपण अजून सवय लागेल म्हणून घाबरतोय.

आमची लॅब पहिल्या मजल्यावर आहे, आणि त्याबद्दल दमेकऱ्यांच्या मी भरपूर शिव्या खाल्ल्या आहेत. डाळमिलमध्ये चाळणीवर काम करणाऱ्या एक मावशी जिन्यात दोनदा बसून वर यायच्या. इओसिनोफिल साडेआठशे. त्यांच्या डॉक्टरांनी बुडेसोनाइडचा पंप दिला, नाकावर फडकं बांधायला सांगितलं, आणि त्या बाईंनी कुणाचं न ऐकता तो रोज घेतला. काही महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. आकडा फार उतरला नव्हता, सहाशेच्या घरात होता. पण त्या जिना चढून आल्या त्या बोलतच. आकडा का उतरला नाही? कारण पंप रक्तावर नाही, श्वासनळीवर काम करतो. रक्तातला आकडा शून्यावर आणणारं औषध जास्त गुणकारी, असं वाटणं साहजिक आहे, पण ते चूक आहे. म्हणून दर महिन्याला "ऍलर्जीचा आकडा" तपासायला येणाऱ्यांना मी परत पाठवते. माझं नुकसान होतं, होऊ दे.

बेडका न पाहता सगळ्यांना एकत्र मोजण्याची चूक एकदाच झाली असंही नाही. इंटरल्यूकिन-५ ला रक्तातच पकडणारं मेपोलिझुमॅब नावाचं इंजेक्शन तयार झालं. २००० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याची पहिली महत्त्वाची चाचणी आली. इओसिनोफिल झपाट्यानं उतरल्या, पण ऍलर्जीकारक पदार्थ हुंगवल्यावर येणारा दम्याचा प्रतिसाद तसाच. २००७ च्या मोठ्या चाचणीतही निराशा. इओसिनोफिलचा दम्याशी संबंधच नसावा, असं मोठमोठे लोक म्हणू लागले. मग मार्च २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. एक इंग्लंडमधल्या लेस्टरचा, प्रणब हलदर यांचा, ६१ रुग्णांवरचा. दुसरा कॅनडातल्या हॅमिल्टनचा, परमेश्वरन नायर यांचा, अवघ्या २० रुग्णांवरचा. दोघांनीही भरपूर उपचार घेऊनही ज्यांच्यात इओसिनोफिल टिकून आहेत असेच रुग्ण निवडले. लेस्टरला वर्षभरात खोटं औषध घेणाऱ्यांना माणशी ३.४ तीव्र झटके आले, मेपोलिझुमॅब घेणाऱ्यांना २. हॅमिल्टनला गोळ्या कमी करता आल्या. औषध तेच होतं. माणसं निवडताना काचपट्टी पाहिली, एवढाच फरक. डर्बीच्या त्या डॉक्टरांनी त्याच्या पन्नास वर्षं आधी हेच सांगितलं होतं.

मेपोलिझुमॅबला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. आता अस्तराचा पहिला निरोप अडवणारं, म्हणजे टीएसएलपी पकडणारं औषधही निघालं आहे. इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दोघांचे निरोप अडवणारं डुपिलुमॅब तर इसबालाही चालतं. ते चालू असलेल्या रुग्णाचा इओसिनोफिलचा आकडा सुरुवातीला वाढूही शकतो, कारण पेशींचं रक्तातून बाहेर पडणं थांबतं. अशांनी रिपोर्ट पाहून स्वतःच औषध बंद करू नये, डॉक्टरांना दाखवावा. ही इंजेक्शनं आता पुण्या-मुंबईत मिळतात. खर्च महिन्याला हजारोंच्या घरात. ज्यांचा दमा पंपानं खरोखर आवरत नाही अशा थोड्यांसाठी ती वरदान आहेत. पण वर्तमानपत्रांत "दम्यावर नवं क्रांतिकारक औषध" अशा मथळ्यानं त्यांच्याबद्दल छापून येतं, तेव्हा मला वैताग येतो. ज्या देशात पंप कपाटात पडून राहतो, तिथे हजारो रुपयांच्या इंजेक्शनची बातमी कुणासाठी?

जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत असा अंदाज आहे. दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून जास्त इथे होतात. आपल्या हवेला, चुलीच्या धुराला दोष द्यायचा तेवढा द्यावा. पण या दोन आकड्यांमधलं अंतर उपचाराचं आहे. आपण खातो ते काय? मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेट्रिझिनची जोडगोळी, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय. हिस्टामिन अडवणारी गोळी शिंकांना बरी, दम्याला नाही. मॉन्टेलुकास्टचा थोडाफार उपयोग होतो, पण अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २०२० मध्ये त्यावर मनःस्थिती बिघडण्याबद्दलचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे तीच गोळी आईबाप पोरांना सर्दीवर देतात. धाप लागली की साल्ब्युटामॉलचा पंप. तो आवळलेला स्नायू पाच मिनिटांत सैल करतो, निरोपाला हातही लावत नाही. नुसत्या साल्ब्युटामॉलवर मोठ्या माणसाचा दमा सांभाळू नये, असं दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पासून सांगत आहेत.

मृगाच्या सुमाराला आमच्याकडून हैदराबादला मरळ मासा गिळायला जाणारी माणसं मला माहीत आहेत. कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध घेणारीही. त्यांची थट्टा मला करवत नाही. दमा मुळातच चढणारा-उतरणारा आजार. उतरत असताना जे घेतलं त्याला यश मिळतं. आणि मासा निदान वर्षातून एकदा गिळतात. पुडी रोज जाते.

माझं भांडण आहे ते वेगळ्या ठिकाणी. आमच्या भागातल्या एका सरकारी दवाखान्यात साल्ब्युटामॉल नेहमी मिळतं, बुडेसोनाइड कधी असतं, कधी "पुढच्या आठवड्यात या". मजुरीवर जाणारी बाई पुढच्या आठवड्यात येत नाही, ती पुडी घेते. बुडेसोनाइड राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या जशा महिन्याच्या महिन्याला मोजून देतात, तसा हा पंप प्राथमिक आरोग्य केंद्रातून दिला पाहिजे, तो कसा ओढायचा हे नर्सनं समोर करून दाखवलं पाहिजे. जिल्हा परिषदेच्या सभेत रस्त्यांवर आणि शाळांच्या छपरांवर भांडण होतं, तसं एकदा यावरही होऊ द्या. आणि अन्न व औषध प्रशासनानं आठवडी बाजारातल्या पुड्यांचे नमुने उचलावेत. स्टिरॉइड आहे की नाही हे शोधणं आज अवघड राहिलेलं नाही.

तुमच्या घरात पुडीवर चालणारं कुणी असेल तर ती एकदम बंद करू नका. फार दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळालेलं शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं, अचानक तोडलं तर जीव धोक्यात येतो. पुडी खिशात घाला, डॉक्टरांना दाखवा, आणि पंप सुरू करून ती उतरवत न्यायला सांगा. पंप घेतल्यावर चूळ भरा. बरं वाटलं म्हणून तो मनानं सोडू नका.